आवडेनासा झालेला कॅमेरा बदलायचाय? आधी जुन्याकडे नीट बघा

कॅमेरा बॅगेत, बॅग कपाटात, बॅटरी कधी संपली ते आठवत पण नाही आणि फोटो काढावेसे तर रोज वाटतात. असं झालं की आपण सगळ्यात आधी नव्या कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू बघायला बसतो. मीही बसले होते, चांगले दोन महिने, आणि त्यातून फक्त गोंधळ वाढला कारण जो रिव्ह्यू बघावा तोच कॅमेरा आपल्यासाठी बनलाय असं वाटायचं. मग एका मैत्रिणीने साधा प्रश्न विचारला, की आत्ता जो आहे तो का वापरत नाहीस? आणि मला धड उत्तर देता येईना. त्या प्रश्नाचं उत्तर शोधत गेले तेव्हाच निवड सोपी झाली, म्हणून इथे पण तिथूनच सुरुवात करते.

माझा जुना कॅमेरा म्हणजे एक इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप), झूमवाला, खिशात जेमतेम मावणारा. फोटो छान यायचे त्यातून, अजूनही ते फोटो मी काढून बघत असते. पण एकदा भाची झोपाळ्यावरून उडी मारायच्या बेतात होती, मान मागे टाकून हसत होती, मी खिशातून कॅमेरा काढला, बटण दाबलं, लेन्स घरघर करत बाहेर आली, मग स्क्रीन लागली, आणि उन्हात त्या स्क्रीनवर मला माझीच सावली दिसत होती. हाताचा पंजा आडवा धरून बघेपर्यंत ती उडी मारून, गुडघे झटकून, पाण्याची बाटली शोधत होती. असं तीन-चार वेळा झालं की हात आपोआप कॅमेऱ्याकडे जायचा थांबतो, आपल्याला कळत पण नाही कधी थांबला ते.

तर पहिलं काम असं करा. दोन आठवडे फोनमध्ये एक नोंद ठेवा. जेव्हा जेव्हा फोटो काढावासा वाटला आणि कॅमेऱ्याने काढला नाही, तेव्हा तेव्हा एक ओळ लिहायची, का नाही काढला. "घरी राहिला." "बाहेर काढायला लाज वाटली." "चालू होईपर्यंत गेलं." "अंधार होता, हललेलाच येणार माहीत होतं." "फोटो परत कॉम्प्युटरवर घ्यायचा कंटाळा." एवढंच. लगेच लिहायचं हां, रात्री आठवून लिहिलं तर आपण शहाण्यासारखी कारणं लिहितो, खरी लिहीत नाही.

दोन आठवड्यांनी वाचलं की एखादं कारण पुन्हा पुन्हा आलेलं दिसतं. नवा कॅमेरा त्या एका कारणासाठी घ्यायचा. बाकीच्या दहा गोष्टी त्यात चांगल्या असल्या तर उत्तमच, पण ते एक कारण सुटत नसेल तर तो पण सहा महिन्यांनी कपाटातच जाणार.

आणि कधी कधी नव्याची गरजच नसते हे पण मोकळेपणाने मान्य करायला हवं. "फोटो घ्यायचा आणि एडिट करायचा कंटाळा" हे कारण वरचढ असेल तर तो कॅमेऱ्याचा दोष नाही. रॉ (एडिट करावी लागणारी कच्ची फाइल) बंद करून महिनाभर फक्त जेपेग (कॅमेऱ्यातूनच तयार येणारा फोटो) काढा, आवडीचे रंग कॅमेऱ्यातच सेट करा, बघा काय होतं. "मेनूत हरवायला होतं" असेल तर एक संध्याकाळ काढून रोज लागणाऱ्या पाच-सहा गोष्टी क्विक मेनूत आणि कस्टम बटणांवर आणून ठेवा, बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय असते आणि बहुतेक लोक ती कधी उघडतच नाहीत. "घरी राहिला" असेल तर आधी जाड गळपट्टा काढून मनगटाचा पातळ पट्टा लावा, बॅगेतून बाहेर काढा, आणि किल्ल्यांशेजारी ठेवा. मी हे सगळं करून बघितलं आणि माझी अर्धी तक्रार खरंच संपली. उरलेली अर्धी म्हणजे चालू व्हायचा वेळ आणि उन्हातली स्क्रीन, त्या मात्र सेटिंगने सुटणाऱ्या नव्हत्या.

आता झूमचं बघू, कारण छोटा कॅमेरा निवडताना सगळ्यात मोठा फाटा इथे फुटतो. झूमवाला घ्यायचा की एकाच फोकल लेंथचा (लेन्सचा मिमीतला आकडा, लहान असेल तर दृश्य रुंद म्हणजे वाइड, मोठा असेल तर लांबचं जवळ)? इथे मनाला विचारू नका, जुन्या फोटोंना विचारा. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंथची नोंद असते, लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटा फिल्टर लावला की दिसते, डिजिकॅममध्ये पण दिसते आणि तो फुकट आहे. शेवटचे चारेकशे फोटो घ्या आणि कोणत्या आकड्याला किती ते मोजा. एक लक्षात ठेवा, फाइलमधला आकडा लेन्सचा खरा असतो, फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेतला नसतो, त्यामुळे एक इंची सेन्सरला साधारण २.७ ने गुणायचं आणि एपीएस-सी या त्याहून मोठ्या सेन्सरला १.५ ने. म्हणजे फाइलमध्ये ८.८ मिमी दिसलं तर ते आपलं २४ मिमी.

पण या मोजणीत एक मेख आहे, आणि मी स्वतः तिच्यात फसले होते. माझे निम्म्याहून जास्त फोटो २४ ला निघाले, मी लगेच ठरवून टाकलं की मी वाइड वाली. नंतर लक्षात आलं की माझा कॅमेरा चालूच २४ ला व्हायचा! घाईत काढलेला प्रत्येक फोटो आपोआप २४ चा. ती माझी आवड नव्हती, कॅमेऱ्याची सवय होती. मग त्या २४ वाल्यांपैकी कितींना मी नंतर क्रॉप केलंय ते बघितलं, तर जवळपास सगळ्यांना, आणि क्रॉप केल्यावर ते साधारण ४० च्या आसपास येत होते. म्हणून नुसती मोजणी करू नका, क्रॉप पण बघा. आणि लांबच्या टोकाचे किती आहेत, त्यातले तुम्हाला आवडलेले किती आहेत, हे वेगळं मोजा. स्टेजवरची मुलं, पक्षी, लांबून टिपलेले चेहरे, असे फोटो आवडत्यांत भरपूर असतील तर झूम सोडू नका, कोणी कितीही एकाच लेन्सचं कौतुक करू दे.

मोजणी झाली की आठवडाभर परीक्षा घ्या. झूम एका आकड्यावर ठेवायचा आणि हात लावायचा नाही. काही कॅमेऱ्यांत २४, २८, ३५, ५० असा पायरीचा झूम ठेवता येतो, तो असेल तर सोपं जातं. पहिले दोन दिवस चिडचिड होते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक तर पाय आपोआप पुढे-मागे व्हायला लागतात किंवा चिडचिड तशीच राहते. दोन्हीतून उत्तर मिळतं. माझं ४० ला मन रमलं, २८ ला सारखं वाटायचं की अजून पुढे जायला हवं आणि अनोळखी माणसाच्या इतकं पुढे जाणं माझ्याच्याने होत नाही.

मग आकार. स्पेसिफिकेशनमध्ये लोक वजन बघतात, मी म्हणेन जाडी बघा, कारण खिशात अडतं ते जाडीला. रिको जीआर ३ साधारण ३३ मिमी जाड आणि बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम. सोनी आरएक्स१०० मार्क ७ उंची-रुंदीला त्याहून लहान आहे पण जाडी जवळजवळ ४३ मिमी, वजन ३०२ ग्रॅम. कॅनन जी७एक्स मार्क ३ ची जाडी ४१ आणि वजन ३०४. फुजीफिल्म एक्स१००व्हीआय ५५ मिमी जाड आणि ५२१ ग्रॅम, म्हणजे तो कोटाच्या मोठ्या खिशात जाईल पण पँटच्या खिशातला कॅमेरा तो नाही, खांद्यावरचा आहे. हे आकडे वाचून काही कळत नाही, हातात घेऊन कळतं. घरातलाच पुठ्ठा घ्या, त्या मापाचा डबा कापून चिकटपट्टीने चिकटवा, आत तेवढ्या वजनाची नाणी किंवा वाळू भरा, आणि तीन दिवस खिशात घालून फिरा. बसताना टोचतो का, जिना चढताना मांडीवर आपटतो का, दुसऱ्या दिवशी तुम्ही तो नकळत टेबलावर काढून ठेवला का. मी दोन डबे केले होते, ५५ मिमीचा दुपारपर्यंतच टेबलावर आला, ३३ चा संध्याकाळी कपडे बदलताना सापडला. तिथे माझा अर्धा निर्णय झाला.

सेन्सरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे जाहिरातींनी फार घोळ केलाय. एक इंची सेन्सर म्हणजे खरोखर एक इंच नसतो, तो १३.२ बाय ८.८ मिमी असतो. एपीएस-सी, जो जीआर आणि एक्स१०० मध्ये असतो, साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढलं तर एपीएस-सी तिपटीहून मोठा. ऐकायला फरक प्रचंड वाटतो, पण लेन्स सोबत धरल्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही. एफ/ चा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र, अ‍ॅपर्चर, आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. जीआरची लेन्स एफ/२.८ आहे, १.५ ने गुणलं तर फुल फ्रेमच्या हिशेबात ती एफ/४.२ च्या आसपास वागते. एक इंचीवर एफ/१.८ असेल तर २.७ ने गुणून एफ/४.९. म्हणजे वाइड टोकाला, अंधारात, दोघांत अर्ध्या स्टॉपचाही (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फरक राहत नाही! फरक पडतो तो झूम केल्यावर. आरएक्स१०० मार्क ७ ची लेन्स २०० मिमीपर्यंत जाते पण वाइडलाच एफ/२.८ पासून सुरू होऊन एफ/४.५ वर संपते, जी७एक्स मार्क ३ फक्त १०० पर्यंत जातो पण तिथेही एफ/२.८ धरून ठेवतो. संध्याकाळी घरात माणसांचे फोटो काढणाऱ्याला दुसरा उपयोगी, दिवसा हिंडणाऱ्याला पहिला. एक्स१०० वाल्यांची लेन्स ३५ मिमी एफ/२, मोठा सेन्सर, त्यामुळे अंधारात तो या सगळ्यांच्या पुढे, आणि त्याची किंमत आपण जाडीत मोजतो.

स्टॅबिलायझेशन असलं की अंधाराचा प्रश्न मिटला असं समजू नका. ते आपल्या हाताचा थरथराट थांबवतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही. रिकाम्या गल्लीचा फोटो पाव सेकंदाला धारदार येईल, पळणारं पोरगं मात्र १/५०० सेकंदाच्या आसपास शटर दिल्याशिवाय थांबत नाही.

वेगाचं म्हणाल तर तीन वेगवेगळे वेग असतात आणि आपण एकच मोजतो. चालू व्हायचा वेग, फोकसचा वेग, आणि एक फोटो काढल्यावर दुसऱ्याला तयार व्हायचा वेग. दुकानात गेलात तर फोनचं स्टॉपवॉच लावून कॅमेरा बंद अवस्थेतून पहिल्या फोटोपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा, पाच वेळा. जीआर ३ साठी कंपनी सुमारे ०.८ सेकंद सांगते. माझ्या जुन्याला हे सगळं करून अडीच-तीन सेकंद लागायचे. कागदावर दोन सेकंद काहीच नाहीत, झोपाळ्यासमोर ते सगळं काही आहेत.

फोकसच्या वेगावर एक जुना उपाय अजूनही सगळ्यात भारी आहे, फोकस करायचाच नाही. आधीच अंतर ठरवून ठेवायचं. जीआरमध्ये याला स्नॅप फोकस म्हणतात, बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस न शोधता ठरवलेल्या अंतरावर थेट फोटो काढतो. २८ मिमीवाल्या जीआर ३ वर एफ/८ आणि अडीच मीटर ठेवलं तर साधारण सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं धारदार येतं. त्याच सेटिंगला ४० मिमीवाल्या जीआर ३एक्सवर मात्र साधारण दीड-पावणेदोन मीटरपासून सहा मीटरपर्यंतच. म्हणजे लेन्स जरा लांब झाली की ही सोय बरीच आखडते, घ्यायच्या आधी हे माहीत असलेलं बरं. हाताने फोकस ठेवता येणाऱ्या कुठल्याही कॅमेऱ्यात हे करता येतं, फक्त बंद करून चालू केल्यावर तो ते अंतर लक्षात ठेवतो का ते तपासा. न ठेवणारे कॅमेरे आहेत, आणि मग सगळी मजा जाते.

व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची छोटी खिडकी) हवा की नको हे ज्याचं त्याने ठरवायचं, पण ठरवताना दुपारी बाहेर उन्हात जाऊन ठरवा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही. एक्स१०० मध्ये ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही मिळून आहे, आरएक्स१०० मार्क ७ मध्ये छोटासा वर उचलून येणारा आहे, जीआर ३ आणि जी७एक्स मार्क ३ मध्ये नाहीच. चष्मा असेल तर छोट्या व्ह्यूफाइंडरचे कोपरे दिसतात का ते चष्मा लावूनच बघा. आणि स्क्रीन वाकते का? लहान मुलं, मांजरं, फुलं यांचे फोटो काढत असाल तर वाकणारी स्क्रीन गुडघ्यांवर फार उपकार करते. जीआर ३ ची वाकत नाही, एक्स१००व्हीआयची वर-खाली होते, जी७एक्सची पुढे वळून तुमच्याकडे तोंड करते.

आता जी गोष्ट कुठल्याच तक्त्यात नसते आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची असते ती. कॅमेरा हातात घ्या आणि डोळे मिटा. डोळे मिटूनच चालू करा. अंगठ्याने एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) कमी-जास्त करायचं चाक शोधा, दोन क्लिक खाली, एक वर. शटरवर बोट ठेवा. एका हाताने धरलं तर निसटतोय असं वाटतं का? अंगठा टेकतो तिथेच एखादं बटण आहे का जे सारखं चुकून दाबलं जाईल? मी एका कॅमेऱ्याबरोबर हे केलं तर अंगठा दर वेळी व्हिडिओच्या बटणावर जात होता, पाच मिनिटांत चार व्हिडिओ सुरू झाले, तो कॅमेरा मी तिथेच ठेवला. दुसऱ्यात चाक पहिल्याच प्रयत्नात सापडलं आणि त्याचा तो टिक-टिक हलका आवाज, बोटाला कळणारा खाचा, मला घरी येईपर्यंत आठवत होता. हे मनाचे खेळ नाहीत, रोज हातात घ्यायची वस्तू हाताला आवडलीच पाहिजे.

बॅटरीबद्दल थोडक्यात, छोट्या शरीरात छोटी बॅटरी. जीआर ३ चं अधिकृत गणित एका चार्जला २०० फोटोंच्या आसपास आहे, एक्स१००व्हीआयचं ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर वापरून ४५० पर्यंत. एक जादा बॅटरी घ्यायचीच असं धरून चाला. चार्जिंग यूएसबी-सी आहे का ते बघा, आरएक्स१०० मार्क ७ ला अजून जुनं मायक्रो यूएसबी आहे.

धूळ आणि पाणी. आत-बाहेर करणारी लेन्स हवेबरोबर धूळ आत ओढते, आणि लेन्स निघत नसल्यामुळे सेन्सर आपल्याला पुसता येत नाही, सर्व्हिसला द्यावा लागतो. त्यामुळे सुटा खिशात टाकणार असाल तर पातळ कापडी पिशवी तरी घाला, त्याच खिशात रुमाल नको. पावसाळी भागात खूप फिरणार असाल तर एक्स१००व्हीआयला अ‍ॅडॅप्टर रिंग आणि फिल्टर लावल्यावर पाण्याच्या थेंबांपासून संरक्षण मिळतं, जीआर ३ ला तशी सोय नाही.

नवं की वापरलेलं? छोट्या कॅमेऱ्यांचा बाजार फोनने जवळपास गिळला. जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांत २०१० साली जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे पाठवले गेले होते, २०२३ मध्ये सगळे मिळून ८० लाखांच्याही आत. त्यामुळे नवीन मॉडेल मोजकीच येतात आणि जुनी अजूनही कामाची राहतात, आरएक्स१०० चं पहिलं मॉडेल २०१२ चं आहे आणि दिवसाच्या उजेडात आजही सुरेख फोटो देतं. वापरलेला घ्यायचा तर एवढं नक्की करा: एफ/१६ ला, नसेल तर असेल तेवढं बारीक अ‍ॅपर्चर ठेवून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा, धूळ असेल तर काळपट ठिपके दिसतात. लेन्स दहा वेळा आत-बाहेर करून कान देऊन ऐका, अडखळणं किंवा घासल्याचा आवाज आला तर सोडून द्या. बॅटरी बाहेर काढून टेबलावर सपाट ठेवा, डगमगली तर फुगलीय. प्रत्येक बटण, प्रत्येक चाक फिरवून बघा, चाक एक क्लिक फिरवल्यावर आकडा कधी दोनने सरकतो, कधी सरकतच नाही, असं होत असेल तर ते चाक झिजलंय आणि रोजचा वैताग तोच ठरणार.

खिशाचा हट्ट नसेल तर लेन्स बदलता येणारा छोटा मिररलेस आणि त्याला एक चपटी पॅनकेक लेन्स हा पण चांगला रस्ता आहे, पण मग दुसरी लेन्स घ्यायचा मोह होतो, तिसरीचा होतो, आणि पुन्हा बॅग येते. ज्याला बॅगेचाच कंटाळा आलाय त्याने तिकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मी शेवटी जीआर ३एक्स घेतला. माझं एक कारण होतं चालू व्हायचा वेळ, ते सुटलं. उन्हातली स्क्रीन पूर्ण सुटली नाही, ते ठाऊक असूनच घेतला, ४० मिमीची चौकट आता डोळ्यांत इतकी बसलीय की स्क्रीन अंधुक दिसली तरी काय आत येणार ते कळतं. तुमचं कारण वेगळं असेल तर तुमचा कॅमेरा पण वेगळा असेल.

नवा आला की जुना लगेच विकू नका, एक महिना दोन्ही राहू द्या. त्या महिन्यात नव्यावर फक्त चार गोष्टी लावायच्या: जेपेग, ऑटो आयएसओ (उजेडाप्रमाणे संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), कमीत कमी शटर १/२५०, आणि एक्स्पोजरचं चाक अंगठ्याखाली. बाकी मेनू उघडायचा नाही. दर रविवारी आठवड्याचे फोटो बघा आणि दोन आठवड्यांची ती जुनी नोंद काढून नवीन सुरू करा, आता का नाही काढला फोटो. माझ्या नव्या नोंदीत महिन्यात तीनच ओळी आल्या, त्यातली एक "बॅटरी संपली" होती, म्हणून दुसरी बॅटरी घेतली. महिना संपल्यावर जुना कॅमेरा भाचीलाच दिला, तिला झूम आवडतो, ती दोन्ही हातांनी धरून लांबच्या झाडावरचा कावळा जवळ आणत बसते आणि लेन्स बाहेर येतानाचा तो आवाज ऐकायला पुन्हा पुन्हा बंद-चालू करते.